तळव्यांतून निघालेलं मटण

विराबिला गावच्या सभागृहात झाडून सगळे लोटले होते. मधोमध वीज जोडलेल्या टबात, मिठाच्या पाण्यात, लोकर कातरणाऱ्या एका गड्याचे पाय, आणि टबातलं पाणी बघता बघता तपकिरी. वर घाणेरडा फेस.

"बघा, वीस वर्षांचं मटण!" शुद्धिकर्ता लायल गरजला. "मेंढ्यांचे खूर सडले की त्यांना औषधाच्या पाण्यातून चालवता ना? मग मेंढी खाणाऱ्यांनी पाय नको बुडवायला?"

मेंढरांवर जगणाऱ्या गावाला हे लगेच पटलं. माना डोलल्या.

टेगनचं डोकं मात्र तापलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची; सध्या बाळंतपणाच्या रजेवर, तान्हं बाळ कडेवर. टबासमोर पुढच्या नंबरला तिची धाकटी बहीण मेरिन बसली होती. सहावा महिना, ओठ पांढरेफटक. रक्त कमी आहे, गोळ्या घे, आठवड्यातून दोनदा थोडं मटण खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लायलनं दोन्ही बंद केलं होतं.

"मेरू, ऊठ तिथून."

"ताई, बाबांचं विसरलीस? तिन्ही त्रिकाळ मटण, आणि शेवटी छातीत कळ."

"म्हणून डॉक्टरांनी त्यांना कमी खा म्हटलं होतं. तुला कुणी सोड म्हटलं?"

"बाई, श्रद्धा नसेल तर बाहेर व्हा," लायल म्हणाला.

"होते. आधी माझं एक गिऱ्हाईक शुद्ध करून द्या."

लायलनं शाकाहाराच्या कौतुकासाठी भाज्या मांडल्या होत्या. बाळ शेजारणीकडे देऊन टेगननं त्यातला भोपळा उचलला, टबात नवं पाणी ओतलं, लायलचंच मीठ टाकलं, भोपळा ठेवला आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात पाणी तपकिरी. वर फेस!

"काय हो, हा रोज किती मटण खायचा?"

"माझ्या मळ्यातला दिसतोय," एक म्हातारा खिदळला. "चोरून खात असेल मेला!"

"त्यानं... मातीतलं पाप शोषलंय," लायल चाचरला.

टेगननं बटण बंद करून टबातली वायर जोडलेली पट्टी वर काढली. कडा कुरतडल्यासारख्या. बोट फिरवलं, तर नारिंगी गंज.

"लोखंड आहे हे. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. टबात काहीच नसतं, तरी हाच रंग आला असता!"

मेरिन हळूच म्हणाली, "पण ताई, गोळ्या-मटण सोडल्यापासून मला किती हलकं वाटतंय गं. तरंगल्यासारखं."

टेगननं तिला हाताला धरून टबासमोरून उठवलं. "चक्कर आहे ती, राणी."

मग ती लायलकडे वळली. "लोह हिच्या रक्तात हवं होतं रे नीचा! तू ते टबात विरघळवत बसलास."

लायल वायरी गुंडाळू लागला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी नमस्कारही केला नाही.

"आणि तुम्ही!" टेगन गावाकडे बघून कडाडली. "मटण अमृत नाही आणि विषही नाही. बेतानं खा, सोबत डाळ-भाजी खा. नको असेल तर खुशाल सोडा, पण लोह कशातून मिळेल ते डॉक्टरांना विचारून. मेंढीला औषध पाजताना बाटलीवरचं वाचता, चार जणांना विचारता. पोटच्या पोरींसाठी एवढं तरी करा!"