कोंबडीत पडलं अंजीर

"माजी कोंबडी मारलीस तू, अक्का! दगड घालताना हात कसा कापला न्हाई तुजा?"

यमुनाबाई बांधावर उभी राहून ओरडत होती. हातात तंगड्या धरलेली कोंबडी लोंबत होती, अजून थोडी धुगधुगी होती. समोर अंजिराच्या झाडाखाली तिची थोरली जाऊ मथुराबाई, पदर खोचून तयारच.

"दगड न्हाई, खडा मारला. तुजी कोंबडी माजी अंजिरं टोचती ती? सकाळपास्नं चार फळांचा चोथा केलाय भवानीनं!"

लोणी काळभोरात सोलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला या दोघींची घरं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तेव्हापासून दोघी बोलायच्या त्या भांडायचं असलं तरच.

मथुराबाईचा नवरा बजरंग सुरी घेऊन आला. "बायांनो, भांडान मागनं करा. जीव हाय तवर सुरी फिरवू द्या, न्हाईतर मटान वाया जाईल."

कोंबडी कापली गेली आणि यमुनाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "शेफालीसाठी राखली होती गं. पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरंना. डाक्टर म्हनतोय, असंच चाललं तर सलाईन लावावं लागंल."

शेफाली म्हणजे तिची सून. यवतमाळची, हडपसरला कंपनीत नोकरीला. तिसरा महिना लागला होता आणि पाणी प्यायली तरी मोरीकडं पळत होती. मथुराबाईला हे ठाऊकच नव्हतं. तिनं खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात शेफाली स्वतःच भिंतीला धरत धरत आली. तोंड पांढरंफटक. कोंबडीकडं बघितलं, मग झाडाखाली तोडून ठेवलेल्या पाटीतल्या अंजिरांकडं.

"मोठ्या आई, हे अंजीर टाकून रस्सा करता काय? आत्ताच खावंसं वाटून राहिलं."

"कोंबडीत अंजीर?" दोघी जावा एकदम म्हणाल्या. कित्येक दिवसांनी दोघींचं एकमत झालं होतं.

"पोर मागती हाय, करा की," बजरंग म्हणाला.

मथुराबाईनं परसातली चूल पेटवली. यमुनाबाईनं घरून काळा मसाला आणला. कांदा-खोबरं भाजलं, पाट्यावर वाटलं. आलं-लसूण, हळद लावून मटण तेलात परतलं. गावरान कोंबडी ती, शिजायला हट्टी.

"तिखट कमी टाक, पोटुशी हाय ती."

"मला शिकवू नगंस. माजी सून हाय."

"चूल माजी हाय."

मटण मऊ पडल्यावर मथुराबाईनं अर्धवट पिकलेली अंजिरं निवडली, देठ खुडून दोन-दोन फाका केल्या आणि रश्शात सोडल्या. "लई येळ ठिवायची न्हाईत, विरघळून लापशी व्हईल." झाकण काढलं तसा वास दरवळला. मसाल्याचा ठसका होता, पण त्याच्या मागनं मंद गोडवा येत होता. यमुनाबाईनं नाक मुरडलं आणि मग पुन्हा एकदा वास घेतला.

शेफालीला वाढलं. भाकरी कुस्करून तिनं पहिला घास घेतला. दोघी जावा तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. बजरंगनं मोरीची वाट मोकळी करून ठेवली. दुसरा घास गेला. तिसरा गेला. अंजिराची फाक तिनं बोटानं उचलून चोखली. वाटी रिकामी झाली. ती उठली, तशी यमुनाबाई तांब्या घेऊन धावली.

"कुठं चाललीस गं?"

"कुठं नाही, आई. चुलीवरचं पातेलं जवळ घेते."

पातेल्यातलं मटण तिनंच संपवलं. ढेकर दिली आणि तिथंच ओसरीवर चटईवर आडवी होऊन झोपली. कितीतरी दिवसांनी पोरगी अशी गाढ झोपली होती.

जावांच्या वाट्याला तळचा रस्सा उरला. भांडी वाढवायची कशाला म्हणून मथुराबाईनं एकच परात घेतली. दोघी समोरासमोर बसल्या, भाकरी मोडली.

"मीठ जास्त झालंय," यमुनाबाई म्हणाली.

"तुज्याच हातचं हाय ते."

"माज्या न्हाई, तुज्या."

परात पुसून लख्ख झाली, तरी दोघी मिठावरून भांडतच होत्या. आणि उठायचं नाव कुणीच घेत नव्हतं.