कौसाबाईचं तोंड

बाळाजीच्या शेतात लोखंडी गेट लागलं त्या सकाळी गाव गेटाकडे गेलं नाही, कौसाबाईच्या दारात गेलं. आमच्या गावाची ही जुनीच रीत. संकट आलं की देवाला नारळ आणि कौसाला हाक. त्यातही नारळ विकत आणावा लागतो, म्हणून आधी कौसा.

वांगणीच्या अलीकडे, उल्हास नदीच्या काठाला आमचं तीसेक उंबऱ्यांचं गाव. ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. भात कापून झालं होतं, शेतात नुसती धसकटं उरली होती आणि सकाळी दवानं पाय भिजत होते. बाळाजीनं नदीकडचं आपलं शेत गुरुदत्त साहेबांना विकलं होतं. साहेब अंबरनाथच्या कुठल्याशा फॅक्टरीत मोठे अधिकारी होते, रिटायर झाल्यावर त्यांना फार्महाऊसचं वेड लागलं. गावाची नदीकडे जायची वाट त्याच शेतातून जाते आणि भाजीच्या वाड्या सगळ्यांच्या नदीकाठच्या गाळात. गेटाला कुलूप लागलं, तारेचं कुंपण पडलं. आमचा माठ-मुळा तिकडे आणि आम्ही इकडे.

"कौसाबाय, चल," बाळाजी म्हणाला. "आज तुज्या तोंडाची गरज हाय."

कौसा चुलीसाठी काटक्या मोडत बसली होती. साठीची, काटकुळी, नवरा केव्हाच गेलेला. मान वर न करता म्हणाली, "मी शिव्या देत नाय आता. म्हाईत हाय ना सगल्यांना?"

"आजच्या दिवस दे. रविवारी प्रार्थनेला जाशील तवा माफी माग. तुमच्यात तसाच असतो ना?"

"माफी म्हंजे काय रेशनचा राकेल हाय, दर आठवड्याला डबा घेऊन जायला?"

लोक हसले. मीही हसलो. मला देवळाचं कौतुक नाही, चर्चचं तर त्याहून नाही. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असंच मी तिच्याबद्दल दोन वर्षं चारचौघांत बोलत होतो.

खरं तर ते तोंड गावानंच पाळलं होतं. तलाठ्यानं नाडलं, ढकला कौसाला पुढे. शेजारच्या गावाची गुरं भातात शिरली, सोडा कौसाला. तिची शिवी माणसाच्या पणज्यापासून सुरू व्हायची आणि पुढल्या माणसाला चप्पल सोडून पळावं लागायचं. काम झालं की हेच लोक तिला घाण तोंडाची म्हणून लग्नाच्या मांडवात मागं बसवायचे. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं काय!

पण ज्याला धार असते त्यानं घरातलीच बोटं कापतात. तीन वर्षांपूर्वी तिच्या सुनेच्या, वेणूच्या हातून दुधाची चरवी लवंडली. वेणूला सातवा महिना होता. कौसा तिला मनात येईल ते बोलली आणि शेवटी म्हणाली, "तुज्या कुशीत दगूड पडंल दगूड!" महिन्याभरात पोर मेलेलंच जन्माला आलं. डॉक्टर म्हणाले, बाईच्या अंगात रक्तच नव्हतं. वेणूनं डॉक्टरचं ऐकलं नाही आणि कौसानंही ऐकलं नाही. वेणू शिरगावला माहेरी निघून गेली. मुलगा नाथा बदलापूरच्या कंपनीत कामाला, तो आईशी बोलेना.

कौसा तेव्हा अंबरनाथला घरोघर भाजी विकायची. तिथे एका चाळीत राजाबाई म्हणून नगरकडची ख्रिस्ती बाई राहायची, दवाखान्यात आयाचं काम करायची. एक दिवस पालकाच्या जुड्या मोजता मोजता कौसा तिच्या दारात रडली. मग दर रविवारी त्या खोलीत प्रार्थनेला जायला लागली. गाव म्हणालं, दुधाची पावडर मिळत असेल. मी एकदा मुद्दाम तिच्या पिशवीत डोकावलो. आत एक लहान पुस्तक होतं आणि सुके बोंबील.

"तुना लिवता-वाचता येत नाय, पुस्तक काय करतंस?" मी विचारलं.

"राजाबाय वाचते, मी धरून बसते. ती बोलली, देवापुढं सगला ओक. मी बोलली, माज्या तोंडातला ऐकून देव पलून जाईल. ती बोलली, तो पलत नाय." मग म्हणाली, "त्याना माफ केला, अण्णा. पण तोंड माज्याच जवल ठेवला. आता रोज त्यालाच बोलते, राखणीला बस बाबा, शेतातल्या माळ्यावर बसतात तसा. माज्या जिभेचं पाखरू कधी उडंल नेम नाय."

मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो.

शिवी ओठावर आली की ती पदराचं टोक दातात धरायची. गावातली पोरं मुद्दाम तिची पाटी ओढायची, कोंबड्या हुसकायची, बघू या म्हातारी फुटते का. ती पदर चावायची आणि मनाशी काहीतरी पुटपुटायची. पदराची चाळण झाली, पण शिवी आली नाही. दीड वर्षानं वेणू परत आली. येताना म्हणाली, "आत्या, एक वाईट शबूद कानावर आला का मी चालली. मग नाथाला बी सांगू नका मना आणायला." आता तिला पुन्हा सातवा होता आणि गाव म्हातारीला शिव्या द्यायला उठवत होतं. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मुळा कोणाचा सुकत होता? आमचा.

"शिव्या देणार नाय," कौसा उठत म्हणाली. "पन वाट माजी बी हाय. येते."

आम्ही एकमेकांना डोळे घातले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. गेटापर्यंत जाऊ दे, आपोआप फुटेल.

गेटाच्या आत साहेब खुर्चीत चहा घेत होते. कौसा पुढे, आम्ही तिच्या मागे, मेंढरांसारखे. ती म्हणाली, "साहेब, गेट उघडा. वाडीला पानी लावायचा हाय."

"ए म्हातारे, वाट नाही इथून. हो बाजूला. तुझ्यासारख्या बायका फॅक्टरीच्या गेटावरून रोज हाकलायचो मी."

आम्ही कान टवकारले. कौसाच्या मानेची शीर उभी राहिली. पदर दातात गेला.

"आईक, आईक कसा बोलतो," बाळाजी तिच्या कानाशी लागला. "सोड त्याला. काढ त्याची आयमाय!"

मग कौसानं पदर सोडला आणि साहेबांकडे पाठ करून आमच्याकडे वळली.

"वाट या सायबाना नाय घेतली," ती सावकाश म्हणाली. "बाळाजी, याना तुना दोनदा इचारला, शेतातून वाट हाय का. तू बोललास, नाय. वाट हाय कलली तर गिऱ्हाईक जाईल म्हणून. कागदावर अंगठा तुजा. आन अण्णा, साक्षीला तू. कल्याणला खानावलीत बाळाजीचा मटन खाल्लास आन सही केलीस. बाळाजीच्या बायकोनाच, गोजरना, मना नदीवर सांगितला."

होय, तो साक्षीदार मीच. ताटभर मटणासाठी मी माझ्या बापाची वाट खाल्ली. एवढा वेळ तुम्हाला सांगितलं नाही, कारण गावालाही सांगितलं नव्हतं. तिनं शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उलटून शिवी देता येते, याला काय देणार?

साहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे वाट होती? तुम्ही दोघं तसं लिहून द्या, मी कडेनं वाट सोडतो. नाहीतर कुलूप राहील." बाळाजी धसकटांकडे बघत राहिला आणि मी नदीकडे.

दुपारी बाळाजीची बायको गोजरबाई कौसाच्या अंगणात उभी राहिली. बघायला सगळं गाव जमलं. असल्या कामाला आम्हाला बोलवावं लागत नाही. गोजरनं कौसाचा बाटगेपणा काढला, रांडवपण काढलं. कौसा भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग गोजरची नजर दारातल्या वेणूवर गेली. "हिच्या पोटात बी या टायमाला..."

कौसा उठली. पाटी लवंडली, माठ अंगणभर झाला. वेणू दाराची चौकट धरून पांढरी पडली होती, आणि मला वाटलं, आता झालं. आज दोन-तीन वर्षांत दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडणार. खोटं का बोलू, मी खूश झालो. ही आपल्यासारखीच निघाली तर माझी सही थोडी हलकी झाली असती.

कौसानं गोजरचे दोन्ही हात धरले.

"गोजरे, मना बोल. माज्या मेलेल्या नवऱ्याला बोल. पन तेवढा नको बोलूस, गो. मी बोललेली हाय. ते माघारी घेता येत नाय. राती झोप लागत नाय, तुना बी लागनार नाय."

गोजर हात सोडवून घेईना. मग ती खाली बसली आणि सांडलेला माठ गोळा करायला लागली. वेणू दारातून म्हणाली, "आत्या, आत या. भात निवला." एवढंच. लोक नाराज होऊन पांगले, तमाशा अर्धवट सुटावा तसे.

दुसऱ्या दिवशी बाळाजी आणि मी साहेबांकडे जाऊन लिहून दिलं. कुंपणाच्या कडेनं बैलगाडीपुरती वाट सुटली. गाव म्हणतं, वाट बाळाजीनं मिळवली. माघात वेणूला मुलगी झाली, रडणारी, धडधाकट. गाव त्याचं श्रेय शिरगावच्या डॉक्टरला देतं.

मला मात्र चैन पडेना. एका सकाळी कौसा वाडीला निघालेली दिसली तशी मी तिला आडवा गेलो. म्हटलं, "कौसाबाय, मना एकच शिवी दे. चांगली जुनी. हक्क हाय तुजा. जरा बरा वाटंल."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. असं बघणं मी आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं.

"तुना बरा वाटावा म्हणून मी माजा तोंड नासवू?" ती म्हणाली. "त्याला सांग. तो पलत नाय."

आणि मला ओलांडून ती वाटेनं नदीकडे उतरली.