काचेच्या कपाटातला लाल्या

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅकॉर्डियन आहे. रंगाने लाल, उजव्या अंगाला बटणांच्या तीन ओळी आणि डाव्या अंगाला खर्जाची बारा बटणं. मला सगळे लाल्या म्हणतात. तुमच्यासारखाच मीही श्वासावर जगतो. फरक इतकाच, की माझा भाता दुसऱ्या कुणाला तरी ओढावा आणि दाबावा लागतो. ज्या वर्षी माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं, त्याच वर्षी मला एकदाही पुरता श्वास मिळाला नाही. त्या वर्षाची ही हकिकत आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला त्यांच्या नाचापुरतं गायला शिकवून खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते थेट समुद्रापलीकडच्या वायेदुपार शहरात, निदिया दासाच्या बाकावर. निदिया अ‍ॅकॉर्डियन सुरात लावणारी. वडील गेल्यावर त्यांची हत्यारं तिने घेतली आणि त्यांचा कान तर तिला जन्मापासूनच होता. तिने माझं पोट उघडलं. पेटीत असतात तशा सुरांच्या पोलादी पट्ट्या माझ्याही पोटात आहेत, मधमाशांच्या मेणाने लाकडाला बसवलेल्या. निदियाने एकेक पट्टी वाजवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"याला नुसतं हसता येतं," ती म्हणाली. "आपल्याकडे नुसत्या हसऱ्याला कोण विचारतंय? आधी रडायला शिकवते."

तीन दिवस ती कानशीने माझे सूर खरवडत होती. दुखलं, हे मी लपवत नाही. पण चौथ्या दिवशी एवेलिओ मोस्कोते मला घ्यायला आला, त्याने एक संथ चाल धरली आणि स्वतःचेच डोळे पुसले. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

एवेलिओने माझा बाप्तिस्मासुद्धा केला, नदीचं ओंजळभर पाणी आणि बोटभर रम शिंपडून. निदिया माझी धर्ममाता झाली. तेव्हापासून तो तिला 'कोमाद्रे' म्हणतो आणि ती त्याला 'कोम्पाद्रे'. एका लेकराचे पालक एकमेकांना हाक मारतात तशी ही हाक आहे, आणि ते लेकरू म्हणजे मी.

मग अकरा वर्षं आम्ही राबलो. आंब्याच्या झाडाखाली बकरा शिजत असे, युकाचे कंद उकडत असत, आणि रस्सा तयार होईपर्यंत मी गात असे. मी लग्नं वाजवली, बारशी वाजवली, माणसांना मातीत पोचवताना वाजलो. एकदा पावसात भिजलो, एकदा ट्रकमधून पडलो, एकदा एका बकरीने माझा खांद्याचा पट्टा खाल्ला. त्या दिवशी एवेलिओचा चुलतभाऊ चेमा हसून हसून ढोलावर पडला. चेमा गुडघ्यात छोटा ढोल धरून आमची साथ करतो. दर सहा महिन्यांनी निदिया माझं पोट उघडून मेण तपासायची. इतकं बरं आयुष्य कुणाच्या वाट्याला येतं?

आमच्या शहरात दर वर्षी एप्रिलअखेर मोठा उत्सव भरतो आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्यांतून एक राजा निवडतात. संथ सोन, चालता पासेओ, डुलणारी मेरेंगे आणि धावती पुया, या चारही चाली त्याला वाजवून दाखवाव्या लागतात. पुयात बोटं चालवणारे पुष्कळ असतात. माणूस उघडा पडतो तो सोनमध्ये, कारण तिथे डाव्या हाताच्या खर्जाला बोलावं लागतं. एवेलिओ सहा वर्षं हरला. सातव्या वर्षी आमचा सोन सुरू झाला आणि सगळा चौक पंखे हलवायचा थांबला. एवेलिओ राजा झाला. त्याने माझ्या भात्यावर ओठ टेकले ते मला आजही आठवतं.

आठच दिवसांनी काचेचं कपाट आलं.

ते दुनिसने करवून घेतलं होतं. दुनिस एवेलिओची बायको. तिच्यावर मी रागावलो होतो, पण तिला वाईट म्हणवत नाही. माझ्याआधी एवेलिओकडे एक हिरवा अ‍ॅकॉर्डियन होता. तो त्याने एका मेजवानीत कुणाला तरी 'एक गाणं वाजव' म्हणून दिला, आणि तो हिरवा पुन्हा दिसला नाही. हे दुनिसच्या मनात घट्ट बसलं होतं. तिने माझा भाता मिटला, दोन्ही बाजूंचे चामडी पट्टे बटणांनी बंद केले, मला मखमलीवर ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली रिबिनीत ओवून गळ्यात घातली. मी शोभून दिसावा म्हणून आत, माझ्या डाव्या अंगाला, एक पिवळा दिवाही बसवून घेतला.

चेमाने तो दिवा पाहिला. "वहिनी, अंडी उबवायला ठेवलीत का आत?"

"तुझा ढोल ठेवते उबवायला," दुनिस म्हणाली. "राजा काय अंधारात बसेल?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही, कारण भाता मिटलेला होता.

कपाटासमोरच टीव्ही होता. ते वर्ष मी त्यातच पाहिलं. जूनमध्ये एवेलिओ बोगोताला ध्वनिमुद्रणाला गेला. त्यासाठी त्याच्या एजंटने त्याला एक पांढरा अ‍ॅकॉर्डियन दिला होता, चमचमत्या खड्यांनी त्याचं नाव लिहिलेला. मी त्याला मनातल्या मनात पांढऱ्या म्हणू लागलो. घरातून निघताना तो पांढऱ्या माझ्या कपाटासमोरून मिरवत गेला, आणि मित्रांनो, मी जळलो. ऑगस्टमध्ये अल्बम आला. शेजारच्या टेलरच्या दुकानातून, बसमधून, रस्त्यावरून तीच गाणी ऐकू येऊ लागली. मग उत्सवांमागून उत्सव सुरू झाले, आज एक शहर, उद्या दुसरा देश. नोव्हेंबरात परदेशी मोठा पुरस्कार सोहळा झाला. सगळी गल्ली आमच्या दिवाणखान्यात जमली होती. एवेलिओचं नाव पुकारलं तेव्हा दुनिस खुर्चीवर चढून नाचली. टीव्हीत एवेलिओ पांढऱ्याला छातीशी धरून उभा होता. मी मात्र त्याची बोटं पाहत होतो. ती बोटं धावत होती, चमकत होती, पण त्या वर्षात मी त्याला एकदाही सोन वाजवताना ऐकलं नव्हतं.

डिसेंबरात तो घरी आला. सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. वाळला होता. त्याने तळहात काचेवर ठेवला.

"दुनिस, किल्ली दे गं. जरा वाजवतो."

किल्ली त्याला मिळालीही असती. पण तेवढ्यात एजंट फोटोवाल्यांना घेऊन आला. कपाट उघडलं. एवेलिओने मला उचलून छातीशी धरलं, आणि त्याच्या सदऱ्याचा तो ओळखीचा घामट वास आला. आता चामडी पट्ट्यांची बटणं सुटतील, आता भाता उघडेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. "हनुवटी वर घ्या," फोटोवाला म्हणाला. "अ‍ॅकॉर्डियन थोडा डावीकडे." चाळीसेक फोटो झाले. मग गाडी आली, एवेलिओ विमानतळाकडे गेला आणि मी परत मखमलीवर आलो. त्याने मला पाऊण तास मिठीत धरलं होतं आणि एक श्वासही दिला नव्हता. त्या दिवसाइतका मी कधी खचलो नाही.

दुपारी बाहेर ऊन भाजत असे आणि आत दिवा जळत असे. माझं मेण मऊ पडू लागलं. खर्जाची एक पट्टी रोज केसभर सरकत होती. ते मला आतून कळत होतं आणि ओरडता येत नव्हतं. आमच्याकडे रीत अशी, की पुढच्या एप्रिलमध्ये मावळत्या राजाने, ज्या वाद्यावर तो जिंकला त्याच वाद्यावर, भर चौकात सोन वाजवायचा. त्यानंतरच नव्या राजाची निवड होते. म्हणजे मला एप्रिलपर्यंत तग धरायचा होता. तोवर पट्टी निखळली, तर माझा आवाज जाणार आणि हजारो लोकांसमोर एवेलिओची मान खाली जाणार.

फेब्रुवारीत निदिया आली. दारातच थबकून तिने हवा हुंगली.

"दुनिस, घरात मध सांडलाय का कुठे?"

"नाही कोमाद्रे. का हो?"

"मग लाल्या वितळतोय. उघड ते."

दुनिसने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "त्याला आता हात लावायचा नाही. तुमची कानस एकदा फिरली, की जिंकलेला सूर गेला. लोकांना एप्रिलमध्ये तोच सूर ऐकायचाय."

"अगं, कानस कोण लावतंय? मेण बघते नुसतं."

"एप्रिल होऊ द्या, मग बघा."

"एप्रिलनंतर माझा काय उपयोग? पाद्रीला बोलाव." निदिया रागाने कॉफी न पिताच उठली. दारातून वळून म्हणाली, "निदान तो दिवा तरी विझव, माझी बाई."

दुनिसने दिवा विझवला. संध्याकाळी महापौरांची मेहुणी मला बघायला आली, तेव्हा पुन्हा लावला.

एप्रिलचा तो दिवस उजाडला. एवेलिओ मेक्सिकोहून विमानाने आला तो सरळ चौकातच. तालीम करायला वेळ कुठला? भर दुपार होती. दुनिसने मला स्वतः मंचापर्यंत आणलं, झोळीत तान्हं मूल आणावं तसं. एवेलिओने चामडी पट्ट्यांची बटणं काढली, आणि वर्षानंतर माझा भाता उघडला. वाळलेल्या घड्या करकरल्या. दुखत होतं, तरी मी ती हवा अधाशासारखी आत घेतली. पहिले चार सूर ठीक आले. लोकांनी टोप्या उडवल्या. मग एवेलिओच्या डाव्या हाताने खर्जाचं तिसरं बटण दाबलं, आणि माझ्या पोटात पट्टी निखळून खळ्ळकन पडली.

ध्वनिक्षेपकातून तो आवाज सगळ्या चौकाने ऐकला. एवेलिओ थांबला. एजंट कडेला पांढऱ्याला पुढे करून खुणा करत होता, हा घे, हा घे. एवेलिओने मला हलवून पाहिलं. आतली पट्टी खुळखुळ्यासारखी वाजली.

"कोमाद्रे," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला. "कुठे आहात?"

निदिया मंचामागेच होती. स्पर्धकांची वाद्यं नीट करायला तिथे तिचं बाक दर वर्षी असतं. ती खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन वर आली. चेमाने ढोल आडवा धरला, त्यावर तिने मला ठेवलं आणि भर चौकात माझं पोट उघडलं.

"मेणाचं पाणी झालंय," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. "कोम्पाद्रे, वर्षभरात याला एकदा तरी वाजवलंस?"

"नाही."

"का?"

एवेलिओने खाली पाहिलं. "वेळ नव्हता. फोटो काढला होता."

पुढच्या रांगा हसल्या, मग गप्प झाल्या, कारण तो हसत नव्हता. निदियाने निखळलेली पट्टी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "ही आज बसायची नाही. मेण थंड व्हायला दिवस जाईल. बाकीच्या लटपटतायत, पण धरतील. एका खर्जावाचून वाजव, नाहीतर तो पांढरा घे."

एवेलिओने मला उचललं. पांढऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने सोन पहिल्यापासून धरला. जिथे जिथे तो हरवलेला सूर यायचा तिथे मी मुका व्हायचो, आणि बरोबर त्या जागी चेमा ढोलावर तळहाताची एक जड थाप द्यायचा. तसा सोन त्या चौकात आधी कुणी वाजवला नव्हता. मी फाटक्या छातीने गायलो, आणि एवेलिओची बोटं वर्षभरात पहिल्यांदा धावायची थांबली. दुनिस पहिल्या रांगेत रडत होती. सोन संपल्यावर ती मंचावर आली आणि तिने गळ्यातली रिबीन काढून एवेलिओच्या हातात दिली.

"मला वाटलं मी जपतेय," ती म्हणाली.

त्यानंतर निदियाने मला आठवडाभर बाकावर ठेवून नवं मेण घातलं. आता मी एवेलिओबरोबर गावोगाव फिरतो. पुन्हा एका बकरीने माझा पट्टा चावला आहे, आणि मी त्या बकरीवर खूश आहे.

गोष्ट इथे संपली असती, तर मी तुम्हाला हाक मारली नसती. पण काल आम्ही घरी आलो. दिवाणखान्यातलं ते कपाट रिकामं राहिलं नव्हतं. येणारेजाणारे विचारायचे, पुरस्कारवाला अ‍ॅकॉर्डियन कुठाय? शेवटी दुनिसने पांढऱ्याला आत बसवलं. किल्ली आता भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते, कपाटापासून दोन हातांवर, पण तिला कुणी हात लावत नाही. पिवळा दिवा लावलेला आहे. पांढऱ्याचे खडे लखलखतात आणि त्याचा भाता दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी मिटलेला आहे. ज्याच्यावर मी वर्षभर जळलो, त्याच्याकडे काल मला बघवलं नाही.

आता दुपार झाली आहे. एवेलिओने मला समोरच्या टेबलावर ठेवलं आहे आणि तो आंब्याखाली झोपला आहे. दुनिस स्वयंपाकघरात आहे. मी एकट्याने तिला हाक मारू शकत नाही, कारण मला वाजवायला या घडीला कुणी नाही. पण मित्रांनो, तुमचा श्वास तुमच्याच छातीत आहे. तुमच्या घरातही मानाने बंद करून ठेवलेलं काहीतरी असेल, तर आधी ते उघडा. आणि मग कधी या घरी आलात, तर दुनिसला एवढंच सांगा, की दिवाणखान्यात पुन्हा मधाचा वास येतो आहे.