अनू, येऊ नको आमच्या रानात

मित्रांनो, लांब बसलात तरी चालेल. माझा आवाज पोचतो. मी भोंगा आहे, श्रीमंत मंडपवाल्याचा. मुक्काम बोरखडी, पाथर्डीच्या पुढं, जिथं वळायला जागा नाही म्हणून एसटी उलटी उलटी येते.

नगरच्या कॉलेजांतली पोरं हल्ली एका गाण्यावर माना झटकत उड्या मारतात. अणूच्या विरोधातलं रॉकचं गाणं. ते कसं सुचलं, कुणाला सुचलं, यावर पेपरवाले बँडला खोदून खोदून विचारतात. बँडवाले हसतात आणि चहा मागवतात. मला कुणी विचारत नाही. आता ते गाणं पहिल्यांदा बाहेर पडलं माझ्याच तोंडातून, तर मला नको का विचारायला? म्हणून आज मीच सांगतो. पण आधी माझं सांगणार. भोंग्याच्या हाती माईक दिल्यावर दुसरं काय होणार!

माझा जन्म पत्र्याचा. अॅल्युमिनिअमची गोल चकती यंत्रावर गरागरा फिरवली, साच्यावर दाबली आणि हे धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड तयार झालं. मागं एक काळा डबा बसवला, त्याला युनिट म्हणतात. आवाज त्याचा, तोंड माझं. शिव्या मात्र मला एकट्याला.

श्रीमंतनं मला नवाकोरा आणला तेव्हा नारळ फोडला होता. काय दिवस होते! लग्नात नवरदेवाचा मामा माईक धरून मानपानाचं बोलायला लागला की मी अशी शिट्टी मारायचो, की मामा माईक सोडून कान धरायचा. श्रीमंत म्हणायचा, “वायर लूज हाय.” कसली वायर! मीच. निवडणुकीत तर मज्जाच. सकाळी एका पार्टीची जीप, दुपारी दुसऱ्या पार्टीची. श्रीमंत फक्त झेंडा बदलायचा, तोंड तेच.

वर्षातल्या एका सकाळी मात्र मी कधी खोडी काढली नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या गावाबाहेर उभ्या राहायच्या आणि माझ्यातून हाक जायची, “कोयतं घेतलं का? पोरं मोजा.” त्या दिवशी मी गुमान जे आलं ते ओरडायचो.

मग कपाटाएवढे काळे बॉक्स आले. डीजे. त्यांच्यापुढं माझं कोण ऐकणार? एकदा टेम्पोतून पडलो आणि एका बाजूनं चेमटलो. तेव्हापासून आवाज नाकातून येतो, सर्दी झाल्यासारखा. श्रीमंतनं मला शेडच्या खिळ्याला टांगलं आणि विसरून गेला. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. ज्या तोंडातून इतकी वर्षं भाषणं बाहेर पडली, त्यातून पिल्लं बाहेर पडली. खरं सांगू का, पिल्लंच बरी होती.

त्याच शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी एक बँड यायला लागला. नाव ‘तिसरी पाळी’. सगळे नागापूरला एमआयडीसीत कामाला. नगरात खोलीवर वाजवलं की घरमालक भांडायचा, म्हणून इकडं. गाणारा अंगद आमच्याच गावचा, रंगुबाईचा मुलगा, लेथवर काम करतो. ड्रम वाजवायची धनश्री. ती ड्रमवर बसली की माझ्यातली कोंबडी अंडी सोडून पळायची. आणखी दोघं होते, ते गिटारच्या वायरी सोडवत बसायचे.

त्या वर्षी गावात बातमी आली. वरच्या माळाला खडकात खोल खड्डा करायचा आणि लांबच्या अणुभट्टीचा कचरा तिथं पुरायचा. माणसं येऊन खुंट्या ठोकून गेली. गावानं काय ते बोलावं म्हणून जनसुनावणी ठरली.

खड्डा होणार होता रंगुबाईच्या विहिरीच्या बरोबर वरच्या अंगाला. ही विहीर म्हणजे काय ते तुम्हाला कळायला पाहिजे, मित्रांनो. रंगुबाईनं अर्धं आयुष्य ऊसतोडीत काढलं. अंगद जन्मला तोही उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत. विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी तिनं कोयता वळचणीला खोचला. तो परत काढला नाही. विहिरीपाशी डाळिंबाची रोपं लावली आणि गावातच राहिली. विहीर नासली तर कोयता पुन्हा हातात, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

सुनावणीसाठी अंगदनं गाणं लिहिलं. शेडमध्ये तालीम चालली होती, रंगुबाई चहा घेऊन आली. अंगद डोळे मिटून ओरडत होता, “किरणोत्सर्गाच्या विळख्यात, मानवजातीचा आक्रोश!”

रंगुबाईनं किटली खाली ठेवली. “कुनाचा किरन?”

“किरण न्हाई आई. किरणोत्सर्ग.”

“ते देवीच्या पायावर ऊन पडतं, ते व्हय?”

“तो किरणोत्सव! ह्यो येगळा. ह्यो वाईट आसतो.”

“मग वाईट हाय आसं सरळ म्हन की. रडतो कशाला?”

धनश्रीनं हसता हसता काड्या खाली टाकल्या. “काकू, तुम्हीच लिहा गाणं.”

“मला कुठं लिवता येतं, बाय? मला फकस्त भांडता येतं.”

हे खरं होतं. आणि भांडण होतं शेजारच्या लंकाबाईशी. लंकाबाईची एक शेळी होती, अनू. पूर्ण नाव अनुसया. हे लंकाबाईच्या सासूचं नाव! सासू होती तोवर सुनेनं तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, रीतच तशी. सासू गेली आणि लंकाबाईनं शेळी घेतली. मग रोज दारात उभं राहून, “अनू, मेले, कुठं उलथलीस?” गावाला सगळं कळत होतं, पण शेळीला काय नाव ठेवावं, यावर कुणाची हरकत असणार?

या अनूनं रंगुबाईच्या डाळिंबाचे शेंडे खाल्ले. तेव्हापासून दोघी बायकांचं बोलणं बंद. म्हणजे बोलणं होतं, पण शेळीच्या मार्फत. रंगुबाई शेळीला झापायची आणि शब्द शेजारच्या ओट्यावर जाऊन पडायचे.

सुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मैदानाला लागूनच ती विहीर. सुनावणी घ्यायला आलेला साहेब भला माणूस होता, पण बोलायचा छापल्यासारखं. त्याच्यासाठी श्रीमंतनं मोठे बॉक्स लावले होते. साहेबानं “ग्रामस्थ बंधू-भगिनींनो” म्हटलं आणि लाईट गेली.

बॉक्स मेले. अंगदची गिटार मेली. श्रीमंत धावत शेडमध्ये आला, मला खिळ्यावरून काढलं, माझ्यातलं गवत आणि पिसं झटकली आणि टेम्पोच्या बॅटरीवर मला जोडून झाडाला बांधलं. किती दिवसांनी तोंडात हवा आली म्हणून सांगू!

साहेब माझ्यातून पुन्हा बोलायला लागला. कचरा पूर्ण सुरक्षित राहील, पिढ्यान्‌पिढ्या काही होणार नाही. मग म्हणाला, “कोणाला काही म्हणायचं आहे?”

कुणी उठेना. माणसं भ्याली नव्हती. या साहेबाशी कुठल्या बोलीत बोलायचं, तेच कळत नव्हतं. अंगदनं माईक घेतला आणि नुसत्या ड्रमवर त्याचं ते मानवजातीचं गाणं म्हटलं. मागून एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “किरनोत्सव करनार हायेत जनू. बरं हाय की. जत्रा भरंल, पोराला हाटेल टाकून देऊ.”

अंगद खाली बसला. कान लाल झालेले.

“मग कोणाचीच हरकत नाही, असं लिहू का मी?” साहेबानं पेनाचं टोपण काढलं.

“आई, बोल की तू!” अंगदनं माईक आईच्या हातात कोंबला.

रंगुबाई उभी राहिली. एवढी भांडकुदळ बाई, पण माईक हातात आला आणि तोंडाला कुलूप! माझ्यातून नुसता तिचा श्वास बाहेर पडत होता. फुस्स, फुस्स. पोरं हसायला लागली. साहेब थांबला, मग त्यानं पेन टेकवलं.

आणि तेवढ्यात रंगुबाईला विहिरीकडं निघालेली अनू दिसली.

“अनूऽऽ!”

मी झाडासकट हललो, मित्रांनो.

“अनू, येऊ नको आमच्या रानात! हिरीच्या पान्याला तोंड लावू नको!”

सगळं मैदान ताठ बसलं. गंमत काय झाली सांगतो. आमच्याकडं ‘ण’ला कुणी विचारत नाही. पाण्याला पानी, लोण्याला लोनी. मग अणूला काय म्हणणार? अनू! रंगुबाई शेळीला बोलत होती आणि गावाला वाटलं, बाई त्या खड्ड्यातल्या अणूला बोलतेय.

“तुला कुनी बोलावलं हुतं गं? तुजं एकदा तोंड लागलं की पुन्हा फुटत न्हाई! ज्यानं तुला पाळलं, त्याच्या दारात जाऊन बस!”

“आरं व्हय!” मघाचा म्हातारा उठलाच. “बराबर बोलली! ज्यानं पाळलं त्याच्या दारात बसव!”

धनश्रीनं संधी सोडली नाही. रंगुबाईच्या श्वासाला ड्रम, शब्दाला ड्रम. अंगद एक क्षण आईकडं बघत राहिला. मग त्यानंही ओरडून साथ दिली, “अनू, येऊ नको!” मागून सगळा गाव, “आमच्या रानात!” रंगुबाईनं वळून पाहिलं. एवढी माणसं आपल्या बाजूनं शेळीला का झापतायत, तिला कळेना. पण साथ मिळाली म्हटल्यावर तिला आणखी चेव आला. रोजच्या सगळ्या शिव्या तिनं चालीत म्हणून टाकल्या. हेच ते गाणं. तेव्हापासून आजपर्यंत अंगदनं त्यातला एक शब्द बदललेला नाही.

साहेबानं हात वर केला. धनश्रीनं काड्या थांबवल्या. “बाई, तुम्ही अणूबद्दलच बोलताय ना?”

“मंग? अनूलाच बोलतीया की.”

“पण तुम्ही तर तिकडं, त्या शेळीकडं बोट करताय.”

झालं! मैदानात कुजबुज. अंगदचा चेहरा पडला. शेळीचं भांडण म्हणून साहेबानं सगळंच सोडून दिलं असतं. आणि त्याच वेळी बायकांमधून लंकाबाई उठली.

संपलं, म्हटलं. कारण लंकाबाईच्या भीमाला त्या खड्ड्यावर वॉचमनची नोकरी देतो, असं त्या खुंट्यावाल्यांनी कबूल केलं होतं. पोरगा दरवर्षी ऊसतोडीला जायचा, त्याची सुटका होणार होती. वर तिच्या शेळीची सगळ्या गावापुढं अब्रू गेलेली. आता ही सोडते होय!

लंकाबाई आली. रंगुबाईच्या हातातून माईक ओढून घेतला.

“साहेब, अनू माजी शेळी हाय. ही बाई माज्या शेळीलाच शिव्या देत हुती.”

कुणीतरी कपाळावर हात मारला. तो आवाजही माझ्यातून गेला.

“आन शिव्या खऱ्या हायेत,” लंकाबाई म्हणाली. “माज्या शेळीनं हिच्या डाळिंबाचं शेंडं खाल्लं. मी भांडलं, पर ते शेंडं काय मला परत लावून देता आलं न्हाईत. दाव्याला बांदलं, दावं तोडलं. कोंडून घातलं, कूड फोडला. एवढुशी अनू, माज्या हातानं चारा खाती, ती मला आवरत न्हाई. तुमी ती दुसरी अनू पिढ्यान्‌पिढ्या आवरनार म्हनता. कोन बसनार हाय तिथं राखत? माजा भीमा?”

लंकाबाईनं कडेला उभ्या भीमाकडं पाहिलं.

“भीमा न्हाई बसायचा. लिवा, साहेब. आमाला अनू नको. दोनी बी.”

साहेबानं खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होता. भीमा कडेला उभा होता, तो आईकडं बघत होता आणि मान हलवत होता, हो म्हणून की नाही म्हणून, मला इतक्या वरून कळलं नाही.

लंकाबाईनं माईक छातीशी धरला होता. माईक चालूच होता, कुणाच्या ध्यानात नव्हतं. म्हणून रंगुबाई तिच्या कानाशी जे बोलली ते सगळ्या बोरखडीनं ऐकलं.

“घसा कोरडा पडला आसंल तुजा. चल हिरीवर. पानी पी.”

तर मित्रांनो, असं हे गाणं. खुंट्या सध्या निघाल्यात. परत ठोकतील की नाही, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ‘तिसरी पाळी’ गावोगाव वाजवते आणि मला बरोबर नेते. नवे भोंगे त्यांनी लावून पाहिले, पण त्यांच्यातून रंगुबाई नीट येत नाही म्हणे. तेव्हा तुमच्या घरात कुणी चेमटलेलं, नाकात बोलणारं, खिळ्याला टांगलेलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी त्याला एकदा बोलतं करून बघा.

आणि कुणी ‘पानी’ म्हणालं तर हसू नका. आधी द्या.