एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी

ज्यावर नर्सबाईंच्या दादाचं मत नाही, असा विषय अजून जन्माला यायचा होता. तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्या वरखाली करणाऱ्या पेट्यांमध्ये उभं राहून राहून त्याची अशी खात्री पटली होती की जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी चुकीची बसवून ठेवली आहे. फिल्टरचं पाणी पिऊन हाडं ठिसूळ होतात. ताकदीच्या गोळ्या म्हणजे पैसे देऊन लघवी पिवळी करून घेणं. लशीबद्दल त्याचं मत चांगलं होतं, पण लशीसाठी लावलेल्या रांगेबद्दल फार वाईट होतं. शाळेतल्या पोरांना टॅब्लेट वाटण्याच्या योजनेवर तर तो सकाळी दहाला सुरू झाला की वहिनी जेवणासाठी टीव्ही बंद करेपर्यंत थांबायचा नाही.

नर्सबाई दर रविवारी त्याच्याकडे जात. वय छप्पन्न, गुडघे दुखरे, नोकरीची चार वर्षं उरलेली. पण त्या घरात त्या अजून 'बेबी'च होत्या. सहा दिवस आरोग्य केंद्रात लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांचे कान किटलेले असत. दादाचं मात्र ऐकावं लागत नसे, समोर नुसतं बसलं की त्याचं भागायचं. तेवढीच त्यांना विश्रांती.

त्या रविवारी तो बोलता बोलता उठला, कपाटावरची एक पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. आत रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती. केंद्रातूनच दिलेली, एकही न फोडलेली.

"घेऊन जा. कुणा गरजवंताला दे," दादा म्हणाला.

"म्हणजे? तू घेत नाहीस?"

"चार महिने झाले. प्रेशर गेलं माझं."

"गेलं? ते काय पाहुणा आहे जायला?"

"थांब, दाखवतो." त्याने चष्मा कपाळावर चढवून फोन हाताच्या अंतरावर धरला. पडद्यावर एकाखाली एक पाच मेसेज होते. अभिनंदन! आपला रक्तदाब १२८/८२. आपले आरोग्य, आपला अभिमान. पाचही महिने तेच, आणि प्रत्येकाच्या खाली केंद्राचं नाव.

"बघ. एका आकड्याचा फरक नाही," दादा म्हणाला. "खालच्या बँकवाल्याला दाखवला. त्याचं प्रेशर रोज वेगळं येतं, बिचारा घाबरून अर्धा झालाय. त्याला सांगितलं, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर बरोबर एका रेषेत थांबली की समजायचं मशीन ठणठणीत आहे."

नर्सबाईंनी फोन त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. "सरकारी मेसेजवर तू कधीपासून विश्वास ठेवायला लागलास?"

"सरकारला कोण विचारतंय? आकडा तू टाकलायस ना!"

वर्षापूर्वी केंद्रात टॅब्लेट आला होता. तो शिकवायला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं की आता कागद संपला. कागद कसला संपतोय! आता सगळं दोनदा लिहावं लागू लागलं, एकदा वहीत आणि एकदा काचेवर. मंगळवार हा प्रेशरवाल्यांचा दिवस, साठ-पासष्ट माणसं यायची. रक्तदाबाचा खाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं, पान सरकल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या, आणि पाचच्या ठोक्याला पान आपोआप बंद होत होतं. मोजायचं मशीन एकच. त्याचा दंडाला गुंडाळायचा पट्टा चिकटेनासा झाला होता, म्हणून त्या तो दर वेळी बँडेजने बांधत. त्यात कुणाचा आकडा एकशे ऐंशीच्या वर भरला की एक लाल पान उघडायचं आणि चौदा प्रश्न विचारायचं. त्यातला एक प्रश्न, पेशंटकडे स्वतःचं वाहन आहे का, असा होता.

पहिल्या मंगळवारी त्यांनी एकूणएक माणसाचं मोजलं आणि एकवीस जण गोळ्या न घेता घरी परत गेले. दुसऱ्या मंगळवारी सतरा. तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या केंद्रातल्या नर्सला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही अजून मोजत बसताय? आमच्याकडे एकशे सव्वीस चालतं."

त्यांनी एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी धरलं. अगदी एकशे वीस, ऐंशी लिहिलं तर कुणालाही शंका येईल. ज्याला चक्कर येतेय, ज्याचे पाय सुजलेत, त्याचं त्या मोजत. बाकीच्यांच्या खान्यात हा आकडा भरून गोळ्या हातात देत. लोकांना औषध तर मिळतंय, अशी मनाची समजूत घातली की दिवस निभावून जायचा. दादाचं तर त्यांनी कधीच मोजलं नाही. तो यायचा, रांग सोडून सरळ त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, टॅब्लेटला नावं ठेवायचा आणि गोळ्या घेऊन जायचा. घरचं माणूस, गोळी वेळेवर घेतंय, मग त्याचं काय मोजायचं?

भरलेला आकडा आता पेशंटच्या फोनवर जातो, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवलं असेल तर त्या टॅब्लेटच्या पोटातच कुठेतरी, जिथे दोनशे चौदा सूचना न वाचलेल्या पडल्या होत्या.

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाली, "बेबी, आठ दिवस झाले, डोकं धरून बसतायत. परवा हातातून कप सुटला. डॉक्टरकडे चला म्हटलं की फोन काढून नाचवतात. तू तरी सांग."

नर्सबाई जेवल्या नाहीत. काहीतरी काम आठवलं असं सांगून निघाल्या. केंद्राची चावी त्यांच्याकडेच असे. बंद केंद्र उघडून मशीन पिशवीत घातलं आणि तासाभरात त्या पुन्हा दादाच्या दारात उभ्या राहिल्या.

"हात पुढे कर."

"रविवारी?"

"कर म्हटलं ना!"

एकशे शहाण्णव, एकशे बारा. पाच मिनिटं त्याला गप्प बसवून पुन्हा मोजलं. ते पाच मिनिटं गप्प बसणं हेच त्याला जड गेलं. एकशे चौऱ्याण्णव, एकशे दहा.

"मशीन बिघडलंय," दादा म्हणाला.

"सेल नवे घातलेत."

"अगं, पट्टा बघ त्याचा! बँडेजने बांधलाय. असल्या खटाऱ्यावर विश्वास ठेवू आणि पाच महिन्यांचं रेकॉर्ड खोटं म्हणू? माझ्या हाताखाली कुणी असं बोललं असतं तर त्याला घरी पाठवला असता."

"दादा, आजपासून गोळी सुरू कर. माझ्यासाठी म्हणून."

"तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन. पण ठणठणीत माणसाने गोळी खायची, यात काही अक्कल आहे का? सांग ना. मला पटवून दे, मी खातो."

पटवून कसं देणार? त्याचं बोलणं तर बरोबरच होतं. एका बाजूला बँडेज बांधलेलं मशीन, दुसऱ्या बाजूला पाच महिन्यांचे पाच सारखे आकडे. कुणीही शहाणा माणूस आकड्यांच्याच बाजूने गेला असता. गोळी पोटात गेली नाही तर हा माणूस आज कोसळेल की आठ दिवसांनी, एवढंच ठरायचं होतं. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. वर्षभर ज्या थकव्याने त्यांनी तो आकडा भरला होता, त्याच्याहून हा थकवा वेगळा होता, कारण यात लाज होती.

"ते आकडे मी मोजलेले नाहीत, दादा."

"मग कुणी मोजले?"

"कुणीच नाही. नुसते लिहिले. गर्दी असते, वेळ पुरत नाही. खाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून."

दादाने फोनकडे पाहिलं, मग मशीनकडे. "सगळ्यांचे?"

"बहुतेकांचे."

"आणि माझा? माझा तर मोजला असशील ना एखादवेळी?"

"तुझा एकदाही नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकून उभी राहिली. नर्सबाई वाट बघत होत्या की आता तो ओरडेल. योजना, टॅब्लेट, साहेब, सगळ्यांचा उद्धार करेल आणि त्या माऱ्यात आपणही सुटू. पण दादाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. इतका वेळ मत नसलेला दादा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यांना भीती वाटली.

"मी डॉक्टरांवर संशय घेतला," शेवटी तो म्हणाला. "औषधं करणाऱ्यांवर घेतला, पेपरवाल्यांवर घेतला, हिच्या भावावरसुद्धा घेतला. तुझ्यावर घ्यावा असं डोक्यात आलंच नाही बघ."

मग त्याने हात पुढे केला. "दे गोळी."

नर्सबाईंनी तिथूनच केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बोलणं अडखळतंय का, हातापायात बधिरपणा आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, असं सगळं विचारून घेतलं. आत्ता तरी तसं काही नव्हतं. आधीचीच गोळी चालू करा, म्हणाले, उद्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे आणा, आणि यातलं काहीही झालं तर मला फोन करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी दादाला नीट तपासलं आणि औषध बदलून दिलं. तो गेल्यावर नर्सबाईंनी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर दोन केंद्रं सांभाळत. अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पलीकडेही तेच चालू असणार," ते म्हणाले. "मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगितलं असतंत. बाई, हे वर कळवायचं तर कुठल्या खान्यात कळवू?"

शेरा नावाचा एक खाना होता. त्यात चाळीस अक्षरं मावत. नर्सबाईंनी सरळ कागद घेतला, झालं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि पोस्टाने पाठवून दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मग वहीतली त्रेसष्ट नावं काढून एकेकाला फोन लावला. नऊ जणांनी गोळ्या सोडल्या होत्या. नववी एक आजी होती. तिने, माझं प्रेशर घालवलंत, देव तुमचं भलं करो, असा भरभरून आशीर्वाद दिला. नर्सबाईंनी तिलाही खरं काय ते पहिल्यापासून सांगितलं.

मंगळवारी त्यांनी आठ वाजताच केंद्र उघडलं आणि येईल त्याचं मोजायला घेतलं. बँडेज गुंडाळायचं, थांबायचं, वाचायचं, लिहायचं, सोडायचं. रांग फाटकापर्यंत गेली. आज काय मुंगीच्या पावलाने चाललंय, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. तीनदा लाल पान उघडलं आणि तीनदा त्यांनी चौदा प्रश्न विचारले.

दहाच्या सुमाराला दादा आला. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी सवयीने रुमाल टाकून ठेवला होता. दादाने तिकडे पाहिलं, पण खिडकीतून चौतीस नंबरचा बिल्ला घेतला आणि बाहेर बाकावर, बाकीच्यांच्यात जाऊन बसला. शेजारचा माणूस योजनेवर काहीतरी बोलत होता. दादा ऐकून घेत होता.

त्याचा नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्याने आपणच बाही वर केली. नर्सबाईंनी पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं तसा दादाने चष्मा डोळ्यांवर घेतला, दुसऱ्या हाताने मशीन हळूच फिरवून त्याचं तोंड आपल्याकडे केलं आणि आकडे थांबेपर्यंत त्यावरची नजर हलवली नाही.

"एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव," त्यानेच वाचलं. खिशातून छोटी वही काढून तारीख घालून लिहून घेतलं. मग मान वर केली तेव्हा त्याला त्यांचा चेहरा दिसला असावा.

"तुझ्यावर विश्वास नाही असं काही नाही हं, बेबी," तो घाईघाईने म्हणाला. "आपल्या डोळ्यांनी बघितलं की लक्षात राहतं, एवढंच."

लहानपणापासून जे वाटेल ते तोंडावर बोलत आलेला दादा आज पहिल्यांदाच त्यांचं मन राखायला खोटं बोलला होता. नर्सबाईंनी मान हलवली, टॅब्लेटमध्ये खरा आकडा भरला आणि पस्तीस नंबरला आत बोलावलं.