पोसलेली सून

बाजाराच्या दिवशी थान वैद्यांचा ओटा सकाळीच भरून जाई. सुया टोचून दुखणं काढणारे म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर त्यांचं नाव होतं. नव्या रोग्याला मात्र ते आधी सुई दाखवतच नसत. बाकावर बसवून घरच्यासारखे बोलत.

"काट्यासारखी बोचणार नाही. आत गेली की जडजड वाटेल, मुंग्या आल्यासारखं होईल, ते चांगलंच. पण गरगरलं, घाम फुटला, तर तोंड मिटून बसायचं नाही. लगेच सांगायचं."

मग ठरलेले प्रश्न. पोटात अन्न आहे ना? लांबून चालून दमला नाहीत ना? बाई असेल तर, दिवस गेलेत का? भीती वाटते का? उपाशी, थकलेल्या, धास्तावलेल्या अंगाला सुई सोसत नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. सव्वीस वर्षांत आपल्या सुईनं एकालाही भोवळ आली नाही, हे ते चारचौघांत वरचेवर सांगत.

त्या दिवशी शेजारच्या गल्लीतली, सोयाबीन दळून टोफू विकणारी लो काकू एका मुलीला पुढे घालून आली. मुलीचं नाव श्याओमान, वय तेरा. सहाव्या वर्षी लो काकूनं तिला आपल्या मुलासाठी आणली होती. मोठी होईपर्यंत सासूच्या घरी राबायचं, मग त्याच घरात लग्न. अशा मुलींना 'पोसलेली सून' म्हणायची रीत होती.

"हिचा उजवा हात वर जात नाही," लो काकू म्हणाली. "चार दिवस झाले, जातं धड फिरत नाही. गिऱ्हाइकं रिकामी परत जातात."

"कधीपासून दुखतंय गं?" वैद्यांनी मुलीला विचारलं.

"मागच्या पुनवेपासून," लो काकूनं सांगितलं.

"झोप लागते?"

"ढोरासारखी झोपते."

"सकाळी काही खाल्लंस?"

"दोन वाडगे पेज चापून आलीय. आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही, वैद्यबुवा."

मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. वैद्यांनी प्रत्येक प्रश्न तिला विचारला होता आणि प्रत्येक उत्तर सासूकडून घेतलं होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

एक सुई खांद्यात, एक कोपराशी गेली. तिसरी हाताच्या पंजात शिरली आणि मुलीचे ओठ पांढरे पडले. कपाळावर घाम डवरला. एक शब्दही न बोलता ती बाकावरून कलंडली.

वैद्यांनी सुया भराभर उपसल्या, तिला जमिनीवर आडवं केलं, पायाखाली उशी सरकवली आणि नाकाखाली नखानं दाबून धरलं. कुणीतरी गुळाचं ऊन पाणी आणलं. चार घोट पोटात गेल्यावर तिनं डोळे उघडले. वैद्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"कालपासून खाल्लं नाही," ती पुटपुटली. "जातं थांबलं म्हणून."

वैद्य ताठ उभे राहिले. "लो काकू, माझ्यासमोर खोटं बोललात? मुलीचा जीव गेला असता तर?"

लो काकू डगमगली नाही. ओट्यावरच्या दहा-बारा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला शिकवता? तुमच्या घरातली लिएन रोज संध्याकाळी माझ्या मागच्या दाराशी येते. डुकरांसाठी काढलेला चोथा उभ्याउभ्या खाते. हीच तिला ओंजळीनं देते, माझी नजर चुकवून. आधी आपल्या घरात विचारा, जेवलीस का म्हणून."

लो काकू मुलीला दंडाला धरून घेऊन गेली. वैद्यांनी तिला अडवलं नाही. त्यांचे कान तापले होते, आणि त्यांना फक्त त्या माणसांच्या नजरेआड व्हायचं होतं.

लिएन नऊ वर्षांची होती. शहरात शिकणाऱ्या वेनजीसाठी, त्यांच्या मुलासाठी, पाच वर्षांपूर्वी आणलेली. वैद्य स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती चुलीपुढे काटक्या मोडत होती.

"लिएन, जेवलीस का?"

तिनं आधी वैद्यांच्या बायकोकडे बघितलं. "जेवले, बाबा."

वैद्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. पाच वर्षांत तिची नाडी त्यांनी कधी बघितली नव्हती. ती सुताच्या दोऱ्यासारखी बारीक लागली. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरालाही ती वाचता आली असती.

"असं काय बघताय?" बायको म्हणाली. "मी पण अशीच आले होते या घरात, सात वर्षांची. तुमच्या आईनं मला दळणाला जुंपलं, तुम्हाला अंडं उकडून दिलं. मी काय मेले?"

"तू तेव्हा कधी बोलली नाहीस."

"तुम्ही शेजारीच बसून अंडं खात होतात. बोलायला कशाला हवं होतं?"

वैद्यांनी लिएनचं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला. नव्या रोग्यांनी उपाशी येऊ नये. रोग्यानं स्वतः बोलावं. रोग्याच्या वतीनं उत्तर देणाऱ्यानं पायरीवर बसावं. लोकांनी वाचून माना डोलावल्या. लिएनला ताटात पोटभर भात मिळू लागला, पण तिच्या-वेनजीच्या लग्नाचा, लाल कागदावरचा करार पेटीतच राहिला. तो मोडला तर भाऊबंद काय म्हणतील, वेनजीसाठी स्थळ कुठून आणायचं, या विचारात चार दिवस गेले. श्याओमानकडे जायचंही त्यांनी रोज उद्यावर ढकललं. लो काकूच्या तोंडाला तोंड कोण देणार?

पाचव्या दिवशी ते गेले. टोफूच्या दुकानात जातं व्यवस्थित फिरत होतं. दांड्याला एक नवी मुलगी होती, सहा-सात वर्षांची, खाली पाट ठेवल्यावर कुठे तिचे हात पोचत होते.

"श्याओमान कुठाय?"

"दिली नदीच्या वरच्या अंगाला, कोळसा पाडणाऱ्यांकडे," लो काकू फडक्यानं हात पुसत म्हणाली. "लुळा हात घेऊन मी काय पुजू? तुमच्याच्यानं तरी कुठे बरा झाला."

"कुठल्या गावाला?"

"होडीवाल्यानं नेली. मी नाही विचारलं."

वैद्य घरी आले आणि पेटीतला लाल कागद काढून त्यांनी ओट्यावर, बसलेल्या सगळ्यांच्या देखत, फाडला. "लिएन आजपासून माझी मुलगी. वेनजीशी तिचा काही संबंध नाही. ती शाळेत जाईल," ते म्हणाले. मागे दारात बायको उभी होती. "हे मला सातव्या वर्षी हवं होतं," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती लिएनला जवळ घेऊन जेवायला बसली.

दुसऱ्या सकाळी वैद्यांनी ओटा बंद ठेवला आणि होडी धरली. वरच्या अंगाची तीन गावं त्यांनी चार दिवसांत पालथी घातली. दारोदार जाऊन ते उजवा हात उचलता न येणाऱ्या तेरा वर्षांच्या पोसलेल्या सुनेची चौकशी करत. पहिल्या गावात तशा पाच मुली निघाल्या. दुसऱ्या गावात आठ. तिसऱ्या गावात त्यांनी मोजणं सोडून दिलं. श्याओमान त्यांत नव्हती.