पाहुणीने करू नयेत अशी कामं

टण्.

दुपारच्या शांततेत स्टीलच्या ताटात तांदळाचा एक दाणा पडला. विराज कामावर होता, जुई शाळेत, आणि घरात दुसरं कुणी असायचं कारण नव्हतं. केतकी हातातली घडी अर्धवट टाकून स्वयंपाकघरात गेली, तर तिथे फरशीवर उमा तांदूळ निवडत बसली होती.

उमा म्हणजे केतकीच. सात वर्षांपूर्वी कराडच्या कार्यालयात ताटभर तांदूळ पसरून, विराजने अंगठीच्या टोकाने त्यात तिचं नवं नाव कोरलं होतं. सासूबाईंनी आधीच बजावलेलं, "आमचं कुळदैवत महादेव. केतकीचं फूल त्याला चालत नाही. उमा लिही." विराजने लिहिलं, सगळ्यांनी साखर खाल्ली. पुढे पासपोर्ट केतकीचाच राहिला आणि लग्नाचा दाखला उमाचा झाला. जुई झाली तेव्हा केतकीला अजून भूल होती, सासूबाईंनी कागद भरले, तर जन्मदाखल्यावरही आई म्हणून उमाच लागली. आपल्याकडे चालतं हे. एका बाईला दोन नावं म्हणजे काही दोन डोकी नव्हेत. विराजला या उन्हाच्या, नारळाच्या, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात नोकरी लागली. तीन वर्षं बरी गेली. मग व्हिसा वाढवायचा अर्ज आला. त्यात "आणखी नाव असल्यास लिहा" असा एक रकाना होता. केतकीने प्रामाणिकपणे लिहिलं: उमा.

तो अर्ज सोमवारी दिला. आज बुधवार होता.

उमाच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री होती, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ. वय चोवीस. पोट सपाट. तिने मान वर केली.

"ताई, यात खडेच नाहीत हो," ती म्हणाली. "मग मी निवडतेय काय?"

संध्याकाळी विराज आला. दोघींकडे बघत त्याने बूट काढले, मोजे बुटात कोंबले.

"म्हणजे अर्ज पोचला," तो म्हणाला.

"विराज, ही बाई आपल्या घरात आहे."

"दिसतंय. पण दोघींतल्या एकीचा तरी व्हिसा झाला ना, तरी खूप. आमच्या ऑफिसात एकाच्या दोन नावांतल्या कुणाचाच नाही झाला."

जुईने उमाभोवती एक फेरी मारली. तिचा चुडा वाजवून पाहिला, पदर हुंगला.

"आई, ही तुझ्यासारखीच आहे," ती म्हणाली. "पण नवी आहे."

पत्र शुक्रवारी आलं. उमा हिला पत्नी म्हणून आश्रित व्हिसा मंजूर. जुई हिचं नाव आईला, म्हणजे उमाला, जोडलं आहे. केतकी नावाची जी बाई त्याच पत्त्यावर आढळते, तिने खिडकी क्रमांक चारवर यावं.

खिडकी क्रमांक चारवरचा साहेब तिखट-मीठ लावलेला कच्चा पेरू खात होता. माणूस अतिशय सभ्य. साडीच्या दुकानात एकेक घडी उलगडून अंगावर टाकून दाखवतात, तसे त्याने केतकीपुढे व्हिसे उलगडले.

"हा निवृत्तांचा. दहा वर्षं निश्चिंत. वय पन्नास लागतं."

"मला एकतीस आहे."

"ते इथेच करून मिळतं." त्याने शेजारच्या खिडकीकडे बोट केलं. उन्हाने लाल झालेला एक तरुण सही करायला वाकला होता. मान वर केली तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. तो खूश दिसला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्यांतली एक उचलून तो समुद्राकडे निघून गेला.

"फक्त," साहेब म्हणाला, "निवृत्त माणसाला शाळकरी मूल नसतं. असलं तर आम्ही ते काढून घेतो."

"दुसरा दाखवा."

"विद्यार्थी. आमची भाषा शिकायची. तुमची इथे जमा करायची. पावती मिळते."

"मग मुलीशी मी कशात बोलू?"

"मुलगी तुमच्या अर्जात नाही हो."

केतकीने पिशवीतून वकिलाकडून करून आणलेला कागद काढला. केतकी आणि उमा या दोन नावांची बाई एकच आहे, असं त्यात शपथेवर लिहिलं होतं. साहेबाने तो दोनदा वाचला, कौतुकाने मान डोलावली आणि परत दिला.

"चांगला आहे. यावर दुसऱ्या बाईंचीही सही आणा."

केतकीने घरी येऊन कागद उमापुढे ठेवला, पेन तिच्या हातात दिलं. उमाने तो ओठ हलवत वाचला आणि तिचे डोळे भरून आले.

"मी नाहीच, असं मी कसं लिहू ताई?" ती म्हणाली. "आईंनी केवढ्या हौसेने मला तांदळात लिहवून घेतलंय."

उरला पाहुण्यांचा व्हिसा. तीस दिवसांचा, मुदत संपायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकून परत आलं की पुन्हा तीस. केतकीने तो घेतला. अट एकच होती. पाहुण्याने काम करायचं नाही. घरात मूल आहे असं कळल्यावर साहेबाने कामांची यादी छापून दिली आणि ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितली. वेणी घालणं. नखं कापणं. घास भरवणं. अंगावर पांघरूण सरकवणं. खरचटल्यावर फुंकर घालणं. तळाशी बारीक अक्षरात होतं: वरील कामांबाबत कुणाला सल्ला देणं, हेही काम समजलं जाईल.

पहिल्या आठवड्यात केतकीला वाटलं, बंद दाराआड कोण बघतंय. तिने जुईची एक वेणी घातली. दुसरी घालायला गेली तर बोटं केसांतून आरपार गेली, जशी पाण्यातून जावीत. जुई दिवसभर एका वेणीने हिंडली. त्यानंतर केतकीने कंगव्याला हात लावला नाही.

घर तिच्याशी आदराने वागू लागलं, आणि तेच सोसवेना. विराज तिला आतल्या खोलीत येऊ न देता म्हणायचा, "बस ना, बस. अवघडू नकोस." तिच्यासाठी पाहुण्यांचा कप निघाला, सोनेरी कडेचा, जो तिनेच कपाटात वर ठेवला होता. आतली खोली रोज आणखी दूर जात होती. पंधराव्या दिवशी जुईच्या पलंगापर्यंत पोचायला केतकीला सतरा पावलं लागली, विसाव्या दिवशी चाळीस. सासूबाईंचा फोन आला की पडद्यावर उमाच दिसायची.

"बारीक झालीस गं उमा," सासूबाई म्हणायच्या. "आणि मागे ते कोण बसलंय? जेवून जा म्हणावं त्यांना."

उमा वाईट नव्हती. वाईट असती तर केतकीला सोपं गेलं असतं. ती डबा भरायला शिकली, बूट घालायला शिकली, जुईला भेंडीत मोहरी चालत नाही हे तिसऱ्या दिवशी तिला आपोआप कळलं. फक्त दुपारची झोप तिला जमेना. शाळेतून आल्यावर जुई पडायची, कूस बदलायची, मुसमुसायची, तास-तास तळमळायची. डोळ्यांखाली काळं येऊ लागलं.

"ताई, ही झोपत कशी नाही हो?" उमाने विचारलं. तिचा चुडा आता निम्मा फुटला होता. "मी थोपटते. गाणं म्हणते. काय करू?"

केतकीला माहीत होतं. जुईला झोपताना आईच्या डाव्या कानाची पाळी लागायची. दोन बोटांत धरून ती चुरगाळत राहायची, शिवण तपासावी तशी, आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला बोटं सैल पडायची. हे या जगात केतकीखेरीज कुणाला माहीत नव्हतं. विराजलाही नाही. साहेबाच्या यादीतही नव्हतं.

तिने दाराकडे बघितलं. यादीची तळची ओळ वाचली. सल्ला देता येत नाही, हे खरंच होतं. पण ती गप्प बसली ती त्यासाठी नव्हे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे सांगितलं की तिच्याकडे काही उरत नव्हतं.

"असते एकेकाची सवय," ती म्हणाली आणि सोनेरी कडेच्या कपातला चहा प्यायली. आत, चाळीस पावलांवर, तिचं लेकरू रडत होतं.

एकोणतिसाव्या दिवशी ती बोटीत बसली. परदेशी लोक बोटीने पलीकडच्या बेटावर जातात, शिक्का मारून घेतात आणि त्याच बोटीने परत येतात. बेटावर एक झाड, झाडाखाली टेबल, टेबलाशी तोच साहेब. बोटीत सगळे पाहुणेच होते आणि त्यांच्या वजनाने बोट तसूभरही खाली गेली नाही.

"कधी परत पोचेन?" केतकीने विचारलं.

"चारच्या आत." शिक्का उमटला. "मधला वेळ तेवढा आमच्याकडे राहतो."

ती चारच्या आत परतली. जुईचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते. फ्रॉक जाऊन गणवेशाचा स्कर्ट आला होता. "आई" म्हणून हाक आली तेव्हा केतकी आणि उमा दोघी उठल्या, आणि जुई हसून म्हणाली, "तू नाही, ही." बोट कुणाकडे केलं ते केतकीने बघितलं नाही. ती खाली बसली.

त्या खेपेला जुईच्या दुपारच्या निजायच्या वेळी तिने कान देऊन ऐकलं. आतून रडणं येत नव्हतं, झोपेचा श्वासही येत नव्हता. "अलीकडे दुपारची झोपतच नाही ती," उमा कणीक मळताना म्हणाली. तिच्या केसात एक पांढरा होता, हाताला भाजल्याचा डाग होता. "नुसती छताकडे बघत पडते. सवय झाली आता." केतकीच्या जिभेवर शब्द आले. पण नजर उमाच्या कानावर गेली. तिथे सासूबाईंनी लग्नात दिलेली कुडी होती, तीच, मोत्याची. केतकीने स्वतःच्या मोकळ्या पाळीला हात लावला आणि तोंड मिटलं.

तीस दिवसांनी ती पुन्हा बोटीत बसली. साहेबाने पासपोर्ट चाळला, एकच पान कोरं होतं. त्याने शिक्का उचलला, तिच्याकडे पाहिलं, पेरूची फोड पुढे केली. तिने नको म्हटलं. मग शिक्का मारला.

दार उघडलं ते सडसडीत मुलीने. दोन घट्ट वेण्या, अगदी सारख्या. दारामागची यादी पिवळी पडून वरच्या दोन टोकांनी लोंबत होती.

"कोण आहे गं?" आतून उमाचा आवाज आला. तो आता केतकीच्या आवाजापेक्षा जाड होता.

"पाहुण्या आल्यात."

"बसव त्यांना. पाणी दे."

केतकी खुर्चीच्या कडेवर बसली. जुईने पाण्याचं तांब्या-भांडं आणि बशीत गुळाचा खडा आणला. भांडं पुढे करताना ते दोन्ही हातांनी धरलं होतं, नजर पाण्यावर. पाहुण्यांना पाणी असं द्यायचं, हे केतकीनेच तिला शिकवलं होतं. ती चार वर्षांची असताना, अख्खा एक रविवार, फरशी पुसत पुसत. आज एक थेंबही सांडला नाही.

केतकी पाणी प्यायली. जुई गेली नाही. शेजारच्या खुर्चीत टेकली, पाय हलवत राहिली. बाहेर दुपार तापली होती, पंखा फिरत होता. थोड्या वेळाने तिचा हात, तिचं लक्षही नसताना, वर आला आणि केतकीच्या डाव्या कानाची पाळी त्याने दोन बोटांत धरली.

केतकीने भांडं खाली ठेवलं नाही. श्वासही हळू सोडला. बोटं पाळी चुरगाळत होती. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. स्वयंपाकघरात उमा ताटात तांदूळ पसरत होती. जुईच्या पापण्या जड झाल्या, मान कलली, डोळ्यांखालचं काळं केतकीच्या खांद्यापाशी आलं.

"मावशी," ती अर्धवट झोपेत म्हणाली, "तुम्ही किती दिवस राहणार?"